घुबडअस्वल रंगवतोय: पहिलंच मिनिएचर, त्यात कोल्हापूरचा पाऊस (मदत हवी)

पडेल ते दान | ९ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण दर रविवारी राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स: आपापलं पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळतो. दीड वर्ष झालं. राक्षस म्हणून आजवर टेबलावर काय काय ठेवलं नाही! बुद्धिबळातले हत्ती, बाटल्यांची बुचं, एकदा तर अर्धं लिंबू. त्या लिंबाने आमचे दोन गडी मारले.

गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाने रेझिन प्रिंटरवर घुबडअस्वलाचं मिनिएचर, म्हणजे छोटी मूर्ती, छापून दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धड अस्वलाचं, तोंड घुबडाचं आणि स्वभाव दोघांपेक्षा वाईट. उंची साधारण साडेसहा सेंटीमीटर, खाली ५० मिलिमीटरचा गोल बेस. मागच्या पायांवर उभं, एक पंजा वर, चोच उघडी. रंगवायचं मी अंगावर घेतलं. भांडवल काय, तर शाळेत एलिमेंटरीला मिळालेली बी ग्रेड.

रविवारी दुपारी पाऊस जरा उघडला म्हणून गच्चीवर नेऊन पांढरा स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारला. सुकल्यावर बघतो तर सगळं अंग रवाळ. लांबून रव्याचा लाडू वाटतोय. चोच हाताला चक्क पॉलिश पेपरसारखी लागते. फोटो खाली टाकलाय.

आता हे सगळं काढून परत सुरुवात करायची का? आणि रंग कुठले घ्यायचे? बाहेरून मागवायचे तर खिसा फाटतो, आणि इथल्या स्टेशनरीच्या दुकानात 'मिनिएचर पेंट' म्हटल्यावर त्यांनी मला वॉटरकलरचा सगळ्यात छोटा डबा काढून दिला.

---

ओली पॅलेट | १० जुलै, सकाळी ८:०५

घाबरू नका, आणि काढून टाकायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. मी पुण्यात आठ वर्षं हेच करतोय. ज्यांनी ज्यांनी प्रायमर खरवडायला घेतला त्यांनी शेवटी मूर्तीचं नाक तरी मोडलं, नाहीतर बोट.

असं होण्याची कारणं दोन. डबा लांब धरला तर तुषार हवेतच अर्धा सुकतो आणि अंगावर रंगाऐवजी धूळ पडते. नाहीतर हवेत ओल जास्त. स्प्रेमधलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्या गारव्यावर हवेतली वाफ येऊन बसते आणि थर नीट बसायच्या आत बिघडतो. जुलैत कोल्हापुरात बसून दुसरं कारण शोधायला नको म्हणा.

इथून पुढे स्प्रे मारायचाच झाला तर वीस ते तीस सेंटीमीटरवरून, हात हलता ठेवून, छोटे छोटे फवारे. डबा आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे कोमटच. दाबाखालचा डबा आहे, उकळत्या पाण्यात घालू नका. पण माझं ऐकाल तर दिवाळीपर्यंत स्प्रे बंद. ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो, तो घ्या.

तुमचं नशीब चांगलं की हे अस्वल आहे. केसाळ अंगावर रवा खपून जातो. परी असती तर बसला असता रडत. चोच, नखं आणि डोळ्यांभोवतीची तबकडी एवढंच गुळगुळीत करा: ८०० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात बुडवून, हलक्या हाताने. मग तेवढ्या जागेला ब्रशने प्रायमरचा पातळ हात.

---

शिरोलीकर | १० जुलै, दुपारी १:२०

तुमच्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पण तीस वर्षं फौंड्रीत काढली, म्हणून फोटो मोठा करून बघितला. उजव्या काखेत आणि मांडीखाली बारीक पुळ्या आहेत. रवा राहू दे बाजूला, आधी त्या काढ.

आमच्यात कास्टिंग साच्यातनं निघालं की रनर-रायझर (धातू ओतताना राहिलेले जादा दांडे) तोडायचे, पार्टिंग लाइनचा फ्लॅश (साच्याच्या सांध्यावरची जादा कड) घासून काढायचा, आणि मगच रंग. त्याला फेटलिंग म्हणतात. ते न करता रंग मारला की रंग त्या पुळीवरच चमकतोय आणि गिऱ्हाईक नेमकं तिथंच बोट ठेवतंय.

---

पडेल ते दान | १० जुलै, दुपारी १:४५

काका, याला साचा नसतो हो. पातळ रेझिनच्या ट्रेमध्ये प्रकाश पाडून एकेक थर घट्ट करत नेतात, थराची जाडी पाच शतांश मिलिमीटर वगैरे. जो भाग अधांतरी येतो त्याला खालून काड्यांचा आधार देतात. त्या काड्या मोडल्या की पुळ्या राहतात.

---

शिरोलीकर | १० जुलै, दुपारी २:१०

साचाच नाही? मग पॅटर्नवाल्यानं खायचं काय?

बरं असू दे. पुळी ती पुळी. घास.

---

ओली पॅलेट | १० जुलै, दुपारी ३:००

काकांशी शंभर टक्के सहमत. खरं तर ते आधी मी सांगायला हवं होतं. ब्लेडची धार आडवी धरून खरवडा, कापू नका. आणि रेझिन घासताना पाणी आणि तोंडाला मास्क दोन्ही हवं, ती भुकटी छातीत जायला नको. ज्याच्याकडे प्रिंटर आहे त्यालाही सांगा: पूर्ण घट्ट न झालेलं रेझिन उघड्या हाताने धरायचं नाही, नायट्राइलचे हातमोजे घालायचे. एकदा का कातडीला त्याची ॲलर्जी झाली की ती जात नाही.

---

उगीच आपलं | १० जुलै, रात्री ९:३०

प्रायमर, रंग, ब्रश, वॉर्निश... एका बाहुल्यापायी? तेवढ्यात दोन किलो मटण आलं असतं.

---

शिरोलीकर | १० जुलै, रात्री ९:३४

रविवारी आणलेलं मटण सोमवारी दिसतंय का कुठं?

---

जुनी खेळणी | ११ जुलै, सकाळी १०:१५

बाहुलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. तेव्हा राक्षसांच्या मूर्ती फारशा मिळत नव्हत्या. गायगॅक्सने स्वस्तातल्या दुकानातून हाँगकाँगला बनलेल्या प्लॅस्टिकच्या जनावरांची पिशवी आणली होती. पिशवीवर लिहिलेलं प्रागैतिहासिक प्राणी, आत मात्र कशाचा कशाला मेळ नाही. जोतिबाच्या यात्रेत पालावर टांगलेल्या पिशव्या असतात ना, तसलाच माल. त्यातल्या एका ध्यानाकडे बघून घुबडअस्वल सुचलं आणि खेळाच्याच १९७५ च्या ग्रेहॉक नावाच्या पुरवणीत छापून आलं. लोखंडाला गंज चढवणारा रस्ट मॉन्स्टर आणि जमिनीखालून येणारा 'बुलेट' नावाचा राक्षस हेही त्याच पिशवीतले.

तेव्हा अर्ध्या लिंबाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. परंपरेला धरूनच होतं ते.

---

आजरा घनसाळ | ११ जुलै, सकाळी ११:०२

'घुबडअस्वल' म्हणताना जीभ अडकते. 'घुस्वल' म्हणा की.

---

जुनी खेळणी | ११ जुलै, सकाळी ११:१०

'अस्वबड' पण चाललं असतं, पण लोक घोडा शोधत बसतील.

---

दाजीपूरचा गवा | ११ जुलै, रात्री १०:४५

धाग्याला नुसती भोज्जा शिवायला आलो होतो, राहवलं नाही.

इंटरनेटवर या प्राण्याचे फोटो बघा, सगळे तपकिरी. परदेशातलं तपकिरी अस्वल आणि त्याला बसवलेलं कुठलं तरी घुबड. तुम्ही कोल्हापुरात बसून ते कशाला रंगवताय? आपल्या राधानगरीच्या जंगलात अस्वल आहे की. काळंभोर, मानेवर आयाळीसारखे लांब विस्कटलेले केस, छातीवर पांढुरका व्ही, आणि नखं लांब, हस्तिदंती रंगाची. नखं काळी करू नका, अर्धी ओळख त्या नखांत आहे.

घुबड घ्यायचं तर शृंगी घुबड. डोक्यावर पिसांची दोन शिंगं, पिसं मातकट पिवळी आणि त्यावर गडद उभ्या रेघा, डोळे नारिंगी. गव्हाणी घुबडाचं तोंड बदामासारखं दिसतं खरं, पण त्याचे डोळे काळे. साडेसहा सेंटीमीटरवर काळा डोळा म्हणजे नुसतं भोक दिसेल.

आणि एक. आपलं अस्वल वाळवी आणि मुंग्या खातं. जंगलात फुटलेलं वारूळ आणि त्यावर नखांचे ओरखडे दिसले की समजायचं, येऊन गेलंय. बेसवर तुटका बुरूज नि कवट्या ठेवण्यापेक्षा एक वारूळ ठेवा.

---

पडेल ते दान | ११ जुलै, रात्री ११:१५

गवेदादा, नाद खुळा! वारूळ ठरलं. जमीन दाजीपूरच्या जांभ्याची, लाल.

आई मागून वाचत होती. म्हणाली, घुबड घरात आणतोस ते आणतोस, वर त्याला अस्वलाचं अंग? लक्ष्मीचं वाहन आहे म्हणून सांगितलं. "आपल्या अंबाबाईचं वाहन सिंह आहे, मला शिकवू नको" म्हणून गप्प केलं मला.

---

ओली पॅलेट | १२ जुलै, सकाळी ७:५०

गवेदादांचं ऐका, मस्त होईल. आता रंगांचं बोलतो.

परदेशी मिनिएचर रंग चांगलेच असतात. पातळ, बारीक दळलेले, थेंब सोडायच्या बाटलीत. पण पहिल्या मूर्तीला ते हवेतच असं नाही. कॅम्लिनच्या आर्टिस्ट ॲक्रिलिकच्या ट्यूब कुठेही मिळतात. जाड असतात, म्हणून पाणी घालून पातळ करायच्या आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्यायचे. फॅब्रिक कलर मात्र नको, सुकल्यावरही रबरासारखा राहतो.

काळी ट्यूब आणूच नका. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन ब्लू मिसळा. जवळपास काळाच होतो, पण जिवंत काळा. निळा थोडा जास्त पडला तर थंड, अंबर जास्त पडला तर ऊबदार. उजळ करताना नुसतं पांढरं घातलंत तर खडूसारखं दिसेल. मातकट पिवळ्यात पांढरं मिसळून तो रंग घाला.

पॅलेट ओली हवी, नाहीतर पंख्याखाली ॲक्रिलिक पाच मिनिटांत सुकतो. जेवणाच्या डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर. इथे फसायला होतं: आपल्याकडे बटर पेपर म्हणून दोन वेगळे कागद विकतात. मेणाचा हात असलेला पाणी वर येऊच देत नाही. बेकरीवाले ट्रेमध्ये घालतात तो मागा.

---

पडेल ते दान | २० जुलै, रात्री १२:३०

प्रगती कळवतो.

पुळ्या काढल्या (काका, उजवी काख तपासा). चोच आणि नखं घासली. ब्रशने प्रायमर दिला. मग अंबर-अल्ट्रामरीनचे तीन हात. तोंडाला मातकट पिवळा, चोचीला करडा.

आणि आता मूर्ती कोळशाच्या गोळ्याला चोच लावल्यासारखी दिसतेय. केस इतके छान कोरलेत, पण रंग दिल्यावर एकही दिसत नाही. पांढरा रवा बरा होता म्हणायची वेळ आली. फोटो २ आणि ३.

---

गंगावेशची | २१ जुलै, रात्री १:१०

नमस्कार. मी वाचनमात्र असते. घरात चार पिढ्या गणपतीचं काम आहे, सध्या रात्री कारखान्यातच जातात. बिघडलं नाहीये, अर्धं झालंय.

तुमचं चुकतंय एवढंच की उजेड आपोआप पडेल असं धरून चाललाय. दोन फुटी मूर्तीला पितांबराच्या चुणीत खरी सावली पडते. तरीसुद्धा आम्ही तिथे स्प्रे गनने गडद रंग मारतोच, गालाला गुलाबी झाक देतोच. तुमची मूर्ती तर बोटाएवढी. तिच्या केसात सावली पडायला जागाच नाही. सावली पण रंगवायची आणि उजेड पण रंगवायचा. एक खिडकी ठरवा, उजेड तिथूनच येतो असं समजा आणि सगळ्या अंगावर तीच ठेवा.

---

ओली पॅलेट | २१ जुलै, सकाळी ८:००

ताई, हे मला समजायला दोन वर्षं लागली होती.

पद्धत सांगतो. केसांना ड्राय ब्रश. मेकअपचा मऊ, गुबगुबीत, गोल ब्रश घ्या. त्याला जरासा उजळ राखाडी-तपकिरी रंग लावा आणि मग जवळजवळ सगळा पुसून टाका. हाताच्या पाठीवर फिरवल्यावर रंग न दिसता नुसत्या कातडीच्या रेषा उमटल्या की ब्रश तयार. मग वरून खाली, केसांना आडवा, हलकेच. फक्त उंचवट्यांवर रंग बसतो. खोलगट भाग गडदच राहतो.

---

गंगावेशची | २२ जुलै, रात्री १२:५५

ब्रश कागदावर पुसण्यापेक्षा कोऱ्या पणतीच्या पाठीवर पुसा. भाजलेली माती पाणी ओढून घेते, रंग तेवढा ब्रशात राहतो.

---

पडेल ते दान | २७ जुलै, रात्री ११:५०

जमलं!!

मेकअपचा ब्रश बायकोकडे मागितला. तिने कशासाठी विचारलं. अस्वलाला लावायचाय म्हटल्यावर ज्या नजरेने बघितलं ती नजर मी त्याच्या डोळ्यांत रंगवणार आहे.

पण खरं सांगतो, पणतीवर ब्रश पुसून पहिला फटका मानेवर मारला आणि केस *आले*. एकेक. जिथे कोळसा होता तिथे आयाळ. मी खुर्चीतून उठलो, किचनमध्ये जाऊन पाणी प्यालो, परत येऊन बघितलं तर अजून होतेच. तीन वेळा केलं: पहिल्यांदा सगळीकडे, दुसऱ्यांदा थोडा उजळ रंग फक्त वरच्या अर्ध्यावर, तिसऱ्यांदा डोकं, खांदे आणि उचललेल्या पंज्याची पाठ. खिडकी डावीकडे वर धरलीय. प्रायमरचा उरलेला रवा कुठेच कळत नाही, उलट पाठीवर तो केसात केस होऊन बसलाय.

तोंडाच्या पिसांवर मात्र घाण केली. तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून वॉश म्हणून सोडला, सुकल्यावर चहाच्या कपाखाली उमटते तशी वलयं राहिली.

---

ओली पॅलेट | २८ जुलै, सकाळी ७:४०

नुसत्या पाण्याने तसंच होतं. रंगाला धरून ठेवणारं द्रव्य फार पातळ झालं की कण कडेला जाऊन बसतात. ॲक्रिलिक मॅट मीडियम मिळतं, पाण्यात ते मिसळा. आणि सोडून देऊ नका, थेंब साचला की कोरड्या ब्रशने टिपून घ्या. आता आहे त्यावर मातकट पिवळ्याचा परत हात मारा. गडद उभ्या रेघा नाहीतरी वर येणारच आहेत, अर्धी वलयं त्याखाली जातील.

आणि डोळे आता करून टाका. माझा नियम: चेहरा पहिला. डोळा चुकला तर आजूबाजूचं परत रंगवणं सोपं.

---

गंगावेशची | २९ जुलै, रात्री १:३०

डोळे पहिले? आमच्याकडे आखणी सगळ्यात शेवटी. बाकी मूर्ती पूर्ण, दागिने पूर्ण, मग घरातलं जाणतं माणूस एकटं बसून डोळे आखतं. तोवर ती माती असते.

---

ओली पॅलेट | २९ जुलै, सकाळी ८:१५

ताई, भावना समजते, पण इथे डोळा दीड मिलिमीटरचा आहे आणि वर पिसांची भुवई आलीय. शेवटी करायला गेलो आणि ब्रश भुवईला लागला तर झालेलं काम जातं.

---

गंगावेशची | ३० जुलै, रात्री १२:२०

भावना नाही हो, कामाची गोष्ट आहे. आधी आखले आणि नंतर गनने रंग मारला तर डोळ्यात उडतो, म्हणून शेवटी. तुमचा तो ड्राय ब्रश पण भुकटी उडवतोच की. तो झाल्याशिवाय डोळ्याला हात लावू नका, एवढंच म्हणणं. त्यानंतर लगेच केले तरी चालतील.

---

ओली पॅलेट | ३० जुलै, सकाळी ७:५५

हं. हे मान्य. ड्राय ब्रश, मग डोळे, मग बाकीचं बारीक काम. मी स्वतः नकळत असंच करत आलोय आणि नियम वेगळा सांगत होतो.

---

पडेल ते दान | ३ ऑगस्ट, रात्री १:००

चार वेळा डोळे काढले, चारही वेळा तिरळे. एकदा डावा छताकडे, उजवा रंकाळ्याकडे. शेवटच्या प्रयत्नात तर बिचारं बसस्टॉपवर कोणाची तरी वाट बघतंय असं दिसायला लागलं. फोटो टाकत नाही.

---

दाजीपूरचा गवा | ३ ऑगस्ट, सकाळी ६:३०

अहो, बाजूला बघायला लावताय कशाला? घुबडाला डोळा फिरवताच येत नाही. त्याचं बुबुळ खोबणीत घट्ट बसलेलं असतं, म्हणून तर ते मान २७० अंशांपर्यंत वळवतं. तेव्हा बाहुली बरोब्बर मध्यभागी. तिरकं बघणारं घुबड जगात नाही.

---

गंगावेशची | ४ ऑगस्ट, रात्री १:४५

मग तर सोपंच झालं. ऐका.

दोन्ही हातांची मनगटं एकमेकांना टेकवा, कोपरं टेबलावर. करंगळी मूर्तीच्या बेसवर. रंग दुधाइतका पातळ, ब्रशचं टोक शाबूत हवं, ब्रश किती बारीक आहे याला महत्त्व नाही. फार बारीक ब्रशात रंगच राहत नाही, टोकापर्यंत यायच्या आत सुकतो. आधी गडद तपकिरी गोल, मग त्यात थोडा लहान नारिंगी, कडेला गडद रेघ राहू द्या. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नका. दोन्हीचा तपकिरी, दोन्हीचा नारिंगी, असं एकेक पाऊल. आणि दर वेळी जो डोळा हाताला अवघड पडतो तो आधी. सोपा त्याच्या मापाने जुळवता येतो, उलटं होत नाही.

मग मधोमध काळा ठिपका. शेवटी पांढरा कण, दोन्ही डोळ्यांत घड्याळातल्या दहाच्या जागी. तुमची खिडकी डावीकडे आहे ना? पेनने करू नका. काही पेनांची शाई वॉर्निश लागल्यावर पसरते.

श्वास सोडून झाल्यावर टेकवा. घेताना नाही.

---

आजरा घनसाळ | ४ ऑगस्ट, सकाळी ९:००

वाचनखूण साठवली. मी मिनिएचर रंगवत नाही, आयुष्यात कधी रंगवणार नाही, पण साठवली.

---

पडेल ते दान | १० ऑगस्ट, रात्री ११:२०

डोळे झाले. गवेदादांचा मध्य आणि ताईंचं दहा वाजलेलं घड्याळ. नारिंगीच्या खालच्या उजव्या कडेला पिवळ्याची अगदी बारीक चंद्रकोर पण दिली, पांढऱ्या कणाच्या बरोबर समोर. तिथे डोळा आतून पेटल्यासारखा वाटतो. रात्री एक वाजता टेबलावर ठेवून दिवा बंद करायला गेलो तर मागे वळून बघावंसं वाटलं.

छातीवरचा व्ही एका फटक्यात आला. नखं हस्तिदंती, मुळाशी जरा तपकिरी.

वारूळ एम-सीलचं करणार होतो, पण ताईंनी निरोप धाडला की शाडूचा गोळा घेऊन जा. म्हटलं शाडू वाळताना आकसतो, चिरा पडतील. त्यावर त्या म्हणाल्या, "वारुळाला चिरा नकोत का?" गंगावेशेत जाऊन आणला. अंगठ्याएवढा सुळका केला, टोकदार काडीने भोकं पाडली, एका बाजूला चार ओरखडे ओढले. दोन दिवसांत अशा काही चिरा पडल्या की मला त्या मुद्दाम काढता आल्या नसत्या. पातळ फेविकॉल पाजून घट्ट केलं. बाकी बेसवर चाळलेली वाळू, जांभ्याचा लाल, आणि पालापाचोळा म्हणून वाळवलेली चहाची पत्ती. लाल जमिनीवर निळसर काळं अंग काय उठून दिसतंय!

वॉर्निश ब्रशनेच मारलं, मॅट. स्प्रेच्या वाटेला पावसाळाभर जाणार नाही. डोळे, चोचीचं टोक आणि जिभेवर तेवढं ग्लॉस.

---

गंगावेशची | ११ ऑगस्ट, रात्री १२:४०

फोटो बाबांना दाखवला. चष्मा काढून, फोन डोळ्याजवळ नेऊन बघितला. "नजर आलीय" म्हणाले. आणि मग, "पण हे आहे काय?"

---

उगीच आपलं | ११ ऑगस्ट, सकाळी १०:००

बरं दिसतंय. ब्रश कुठला घेतला म्हणालात? सहज विचारतोय.

---

पडेल ते दान | १७ ऑगस्ट, रात्री ११:५५

आज टेबलावर आलं.

या छंदात सगळीकडे एक समजूत आहे: नवीन रंगवलेलं मिनिएचर पहिल्याच लढाईत मरतं. आमचं मेलं नाही, कारण लढाई झालीच नाही. मी जंगलाचा नकाशा मांडला, मोठ्या थाटात मूर्ती ठेवली, आणि चौघेही पाच मिनिटं नुसते ती हातात घेऊन फिरवत बसले. मग आमच्यातल्या चोराचं पात्र खेळणाऱ्याने बेसकडे बोट दाखवलं. "हे वारूळ उकरतंय. जेवतंय बिचारं. आपण मागच्या मागे जाऊ या." सगळ्यांनी माना डोलावल्या. लपून जायचा वीस बाजूंचा फासा टाकला, वीस पडले. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. दोन आठवडे तयार केलेली लढाई माझ्या वहीतच राहिली.

मध्येच एकाने भडंग खाता खाता मूर्ती उचलली, डोक्यावर तेलाचा अंगठा उमटला. वॉर्निश होतं म्हणून निभावलं. साबणाच्या कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसलं, गेलं. आता नियम केलाय: भडंग चमच्याने.

शेवटचे फोटो टाकतोय, चारी बाजूंनी.

---

शिरोलीकर | १८ ऑगस्ट, सकाळी ६:५०

फोटो मोठा करून बघितला. डाव्या काखेत अजून एक पुळी आहे.